इशारा पातळी

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाढवलेलं टोडस्टूल लेदर, म्हणजे छत्रीच्या आकाराचं एक मऊ कोरल (प्रवाळ), मिटलं की ते कोरल वाटतच नाही. छत्रीसारखी पसरलेली टोपी आक्रसते, कडा खाली वळतात, टोपीभर डोलणारे पॉलिप (फुलासारखे इवले जीव) आत ओढले जातात आणि उरतो तो एक गुळगुळीत, फिकट तपकिरी गोळा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यावर मेण चोळल्यासारखी चकाकी येते. मग त्या चकाकीवर धूळ आणि शेवाळाचे कण चिकटायला लागतात. टाकीसमोर बसलेल्या माणसाचा जीव खाली-वर होतो. टाकीचं खरं नुकसान होतं ते इथून पुढे, घाबरून केलेल्या उपचारांनी. एकाच संध्याकाळी पाणी अर्धं बदलायचं, दिवा कमी करायचा, कोरल उचलून दुसऱ्या दगडावर ठेवायचं, वर कुठल्या तरी बाटलीतलं औषध. सकाळी कोरल आणखी लहान झालेलं असतं आणि नेमकं कशानं, हे आता कुणालाच सांगता येत नाही.

कोल्हापुरात पातळी वाचायला कुणाला शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा चहाच्या गाड्यापासून घराच्या माजघरापर्यंत फिरत असतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पण नुसता आकडा ऐकून कुणाचं समाधान होत नाही. ‘चढतंय का उतरतंय?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. चढतं ३९ आणि उतरतं ३९ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाऱ्या पाण्याच्या टाकीकडेही याच नजरेनं पाहायला हवं. आज क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचं प्रमाण, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५) आहे, ठीक. पण परवा ३७ होती का? मिटलेलं कोरल बहुतेक वेळा आजच्या पाण्याबद्दल बोलत नसतं, गेल्या दोन-तीन आठवड्यांबद्दल बोलत असतं. म्हणून टाकीशेजारी एक वही हवी. तारीख, तापमान, क्षारता, अल्कलिनिटी (आम्ल सोसायची पाण्याची क्षमता), नायट्रेट, फॉस्फेट आणि त्या आठवड्यात काय बदललं त्याची एक ओळ. या छंदातलं सगळ्यात उपयोगी साधन कोणतं, तर ही वही.

मऊ कोरलला हाडं नाहीत. टणक कोरलसारखा चुन्याचा सांगाडा ते बांधत नाही. अंगात विखुरलेल्या सूक्ष्म चुनखडी काट्या आणि आत भरून घेतलेलं पाणी, एवढ्यावर ते उभं राहतं. अंगातल्या पाण्याचा खारटपणा बाहेरच्या पाण्याइतकाच असतो, त्याला तो वेगळा राखता येत नाही. बाहेर बदल झाला की तो थेट पेशींपर्यंत पोचतो. त्यामुळे लेदर किंवा सिन्युलारिया (बोटांसारख्या फांद्यांचं मऊ कोरल) मलूल दिसलं, तर पहिला संशय क्षारतेवर घ्यावा. बाकी सगळं नंतर.

पण त्याही आधी, ते खरंच आजारी आहे का? लेदर कोरलं कात टाकतात. अंगावरचा पातळ पापुद्रा सुटतो, तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखा, आणि त्याबरोबर अंगावर बसलेलं शेवाळ, घाण निघून जाते. हा प्रकार चार-पाच दिवसांत उरकतो, कधी दोन आठवडेही लागतात. कात टाकणारं कोरल मिटलेलं असलं तरी घट्ट असतं, बुंधा ताठ, रंग सगळीकडे सारखा. सडणारं कोरल ढिलं पडतं, बुंध्याशी किंवा टोपीच्या खळग्यात काळपट-तपकिरी चट्टा येतो, त्यातून चिकट बुळबुळीत तंतू सुटतात आणि त्या जागेजवळचं थोडं पाणी काढून हुंगलं तर कुजक्या अंड्याचा वास येतो. ड्रॉपरनं त्या भागावर हलकेच पाणी मारावं. पापुद्रा सुटून खाली स्वच्छ कातडी दिसली तर हात मागे घ्यावा. वेव्हमेकरचा, म्हणजे टाकीतलं पाणी फिरवणाऱ्या पंपाचा, झोत जरा त्या बाजूला वळवला, म्हणजे पापुद्रा लवकर निघून जाईल, एवढंच करायचं. मांसच लगद्यासारखं उडालं तर मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही. त्याचं पुढे.

आता क्षारता. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. मार्च ते मे कोल्हापूरच्या कोरड्या दुपारी, त्यातही टाकीवर पंखा लावलेला असेल तर शंभर लिटरच्या टाकीतून रोज दोन लिटर पाणी उडणं काही विशेष नाही. तीन दिवस लक्ष गेलं नाही तर सहा लिटर गेले. ३५ पीपीटीचं पाणी ३७.२ झालं. हे वाईटच, पण त्याहून वाईट पुढे होतं. रविवारी सकाळी सहा लिटर गोडं पाणी एकदम ओतलं जातं आणि पाच मिनिटांत क्षारता परत ३५ वर येते. वहीत नोंद ‘३५, ठीक’. कोरल मात्र दर आठवड्याला हा हेलकावा खातं. क्षारता चढलेली सापडली तर दिवसाला एक पीपीटीपेक्षा जास्त उतरवू नये. वरच्या उदाहरणात, टाकी भरलेलीच असेल तर पावणेतीन लिटर खारं पाणी काढून तेवढंच गोडं पाणी हळूहळू घालावं, म्हणजे एक पीपीटी उतरते. आणि रोजची झीज रोज भरावी. टाकीला सम्प (खालची जोडटाकी) असेल तर त्याच्या काचेवर चिकटपट्टीची खूण करून सकाळ-संध्याकाळ तिथवर पाणी आणणं एवढं जमलं तरी निम्मी मिटलेली कोरलं उघडतील. झीज भरायची ती गोड्या पाण्यानं, खाऱ्या नव्हे, हे नव्या माणसाला दोनदा सांगावं.

मोजायचं साधन आधी पारखून घ्यावं. काटा वर-खाली होणाऱ्या प्लास्टिकच्या हायड्रोमीटरला एक बुडबुडा चिकटला की तो हवं ते सांगतो. प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता सांगणारा रिफ्रॅक्टोमीटर चांगला, पण तो शुद्ध पाण्यावर शून्य करून सोडून देतात आणि ३५ जवळ तो दोन अंशांनी चुकत असतो. म्हणून तो ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणावर जुळवावा, ते घरीही करता येतं. ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम डीआय (रेझिननं क्षार काढून टाकलेलं) पाणी, मिळून एक किलो. प्रकाशाच्या वक्रीभवनाच्या हिशेबानं हे द्रावण ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्याशी जुळतं. भाजीच्या काट्यावर हे वजन करू नये, गुजरीतल्या सराफाकडे असतो तसा दशांश दाखवणारा छोटा काटा हवा. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरसाठीच. विजेवर चालणाऱ्या कंडक्टिव्हिटी मीटरला ते चालत नाही, त्याचं प्रमाण वेगळं.

गोडं पाणी कुठलं, हाही प्रश्न आहेच. नळाचं किंवा बोअरचं पाणी टाकीत जाऊ नये हे बहुतेकांना माहीत असतं. फसगत होते ती स्वयंपाकघरातल्या आरओनं. पिण्याच्या आरओत चवीसाठी खनिजांची नळी असते, किंवा थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळणारा स्क्रू असतो. त्यातून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ५० ते १०० असतो. माणसाला ते उत्तम, टाकीला नाही, कारण रोजच्या दोन लिटरबरोबर तीच ती खनिजं, सिलिकेट, नायट्रेट टाकीत साठत जातात. आधी काचेवर तपकिरी थर, मग केसाळ शेवाळ, मग ते शेवाळ कोरलच्या बुंध्यावर. आरओच्या पुढे डीआय रेझिनची नळी जोडावी आणि टीडीएस शून्य यायला हवा. दोन-तीन दिसायला लागला की रेझिन बदलायची वेळ झाली.

मीठ कालवताना लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागतं, पुड्यावरचं प्रमाण बघावं. वेव्हमेकर लावून एक रात्र फिरू द्यावं आणि टाकीत घालताना तापमान व क्षारता दोन्ही जुळवावीत. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर मऊ कोरलच्या टाकीला कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या वेगळ्या बाटल्यांची गरज सहसा पडत नाही, कारण ती चुना फार थोडा खातात. टणक कोरलवाल्यांचं बघून रोज अल्कलिनिटीचं द्रावण घातलं जातं, ते वापरणारं टाकीत कुणीच नसतं आणि आकडा १२ डीकेएचला (अल्कलिनिटी मोजायचं एकक) जाऊन पोचतो. ८ ते ९ वर ती स्थिर असावी. स्थिर हा शब्द ८ पेक्षा महत्त्वाचा.

नायट्रेट-फॉस्फेटबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण इथे चांगल्या हेतूनं नुकसान होतं. रंकाळा ज्यांनी हिरवा झालेला पाहिला आहे त्यांना सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांची भीती वाटणं स्वाभाविक आहे. टाकीतही हे आकडे वाढले की शेवाळ माजतं. पण मऊ कोरल हे काही निर्मळ पाण्यात उपाशी राहणारं व्रतस्थ नाही. त्याच्या मांसात राहणारं एकपेशीय शैवाल त्याला बरंचसं अन्न देतं आणि त्या शैवालाला नायट्रोजन-फॉस्फरस लागतोच. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम (दहा लाख भागांत एवढे भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या पट्ट्यात मऊ कोरलं खूश असतात. मोठा स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र), फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे, साखर-व्हिनेगरचे डोस आणि दोनच मासे, असा मेळ जमला की दोन्ही आकडे शून्य होतात. मग झोआ (बटणांसारखी झुपक्यानं वाढणारी कोरलं) आक्रसतात, मशरूम कोरलं लहान-लहान होत जाऊन एक दिवस सापडतच नाहीत, झेनिया हे मऊ कोरल वितळतं. काचेसारखं स्वच्छ पाणी आणि फिकट, अंग चोरलेली कोरलं, हे चित्र दिसलं की उपासमार समजावी.

उपाय म्हणजे पहिल्यांदा लोहाचे दाणे काढणं आणि माशांना थोडं जास्त खायला घालणं. तेवढ्यानं भागलं नाही तर पोटॅशियम नायट्रेट. ऊस-द्राक्षवाल्या घरात ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ नावाचं विद्राव्य खत असतं, ते हेच. खताच्या गोणीतलं टाकीत घालू नये, त्यात इतर धातूंचे अंश असू शकतात. प्रयोगशाळेच्या प्रतीचं आणावं. १६.३ ग्रॅम एक लिटर डीआय पाण्यात विरघळवून ठेवलं, तर त्यातले १० मिलि शंभर लिटर टाकीचं नायट्रेट एक पीपीएमनं वाढवतात. दिवसाला एवढंच. पाचव्या दिवशी मोजायचं आणि मग पुढचं ठरवायचं.

दिव्याच्या बाबतीत कोरल स्वतः बोलतं. झोआच्या माना लांबल्या, मशरूम कागदासारखं पसरलं, रंग तपकिरीकडे झुकला तर उजेड कमी पडतोय. रंग उडाला, टोपी वरून पांढरट आणि सावलीच्या बाजूला तपकिरी राहिली तर उजेड जास्त झाला. नवा एलईडी बसवला की तो ३०-४० टक्क्यांवर सुरू करून आठवड्याला पाच टक्के चढवावा. दिवसाला आठ-नऊ तास पुरेत. प्रवाह मध्यम, थेट झोत नको. झोत सतत एकाच बाजूनं बसला की लेदर त्या बाजूला वाकतं आणि तिथलं मांस झिजतं. अगदीच प्रवाह नसेल तर टोपीच्या खळग्यात गाळ साठून तिथूनच कुजायला सुरुवात होते. मशरूमला मात्र शांत कोपरा आवडतो.

सगळे आकडे ठीक, उजेड ठीक, तरी एकापाठोपाठ एक कोरल मिटतंय, असं असेल तर शेजाऱ्यांकडे बघावं. मऊ कोरल जागेवरून हलू शकत नाही, म्हणून ते रसायनांनी भांडतं. लेदर आणि सिन्युलारिया पाण्यात टर्पीन गटाची विषारी द्रव्यं सोडतात. समुद्रात ती वाहून जातात, शंभर लिटरच्या काचेत ती सगळ्यांच्याच वाट्याला येतात. दोन जातींत किमान हातभर नाही तरी वीतभर अंतर ठेवावं, पण पाणी एकच असल्यामुळे अंतर हे अर्धंच औषध. बाकीचं अर्धं म्हणजे दाणेदार ॲक्टिव्हेटेड कार्बन. शंभर लिटरला तीन-चार मोठे चमचे, डीआय पाण्यात काळी धूळ जाईपर्यंत धुऊन, जाळीच्या पिशवीत, पाणी जिथून वाहतं अशा जागी. एरवी तीन-चार आठवड्यांनी बदलावा, भांडण पेटलेलं असेल तर आठवड्यानं. एक खबरदारी मात्र घ्यावी. जुन्या टाकीचं पाणी नकळत पिवळसर झालेलं असतं, ते कार्बननं एका दिवसात नितळ होतं आणि तोच दिवा कोरलला अचानक प्रखर लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यात निम्माच कार्बन, आणि दिवाही थोडा खाली.

घरातल्या हवेचा विचार फार कमी जण करतात. स्किमर आणि हवेचा पंप दिवसभर खोलीतली हवा पाण्यात मिसळत असतात. देवघर टाकीशेजारी असेल तर उदबत्ती-धुपाचा धूर, संध्याकाळची डास मारायची कॉइल, झुरळांवरचा फवारा, दिवाळीआधीचा रंग, फरशीचं फिनाईल, सगळं थोडं-थोडं त्यात उतरतं. कीटकनाशक फवारे सर्वांत घातक, कोळंबी आणि खेकडे आधी जातात. फवारणी असेल तेव्हा टाकीवर ओली चादर टाकून स्किमरची हवा बंद करावी आणि त्याच दिवशी कार्बन बदलावा. पावसाळ्यात खिडक्या आठ-आठ दिवस बंद राहिल्या की खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच ७.८ च्या आसपास रेंगाळतो. बाटलीतलं पीएच वाढवायचं द्रव्य घालण्याआधी तासभर खिडकी उघडून बघावं.

धातूंचंही तसंच. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला गंज काय असतो ते सांगायला नको, पण गंज वेव्हमेकरच्या आत असतो तेव्हा दिसत नाही. चुंबकावरचं प्लास्टिकचं आवरण तडकलं की खारं पाणी आत शिरतं आणि महिनोन् महिने धातू झिरपत राहतो. टाकीतला प्रत्येक पंप वर्षातून दोनदा उघडून चुंबक फुगलाय का, तपकिरी ओघळ आहेत का ते पाहावं. पाइपवरच्या ‘स्टेनलेस’ क्लिपांवर विश्वास ठेवू नये. आणि माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं तांब्याचं औषध कोरलच्या टाकीत कधीही नाही. ते वेगळ्या टाकीत द्यावं.

रात्री टाकीचे दिवे बंद झाल्यावर तासाभरानं लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन टाकीत डोकावावं. दिवसा न दिसणारे गुन्हेगार तेव्हा सापडतात. झोआ खाणाऱ्या बारीक समुद्रगोगलगायी अगदी झोआच्याच रंगाच्या असतात, सनडायल शंख खोबणीत बसलेले असतात, दगडाला चिकटलेल्या नळीतल्या गोगलगायी श्लेष्माची जाळी सोडतात आणि त्यानं शेजारचं कोरल सतत मिटून राहतं. क्लाउनफिश लेदरमध्ये घर करून लोळत असेल तर तेही कारण असू शकतं. किडे सापडले तर चिमट्यानं काढावेत, अंड्यांच्या चकत्या खरवडाव्यात आणि कोरल आयोडीनच्या पाण्यात बुडवावं. टाकीचंच एक लिटर पाणी, त्यात पाच टक्क्यांच्या लुगॉल द्रावणाचे पाच थेंब, दहा मिनिटं. मग टाकीच्या दुसऱ्या स्वच्छ पाण्यात खंगाळून परत जागेवर. बुडवलेलं पाणी फेकून द्यावं. अंडी पुन्हा फुटतात म्हणून आठवड्यानं हेच परत.

झोआंच्या बाबतीत एक गोष्ट गांभीर्यानं घ्यायला हवी. त्यांच्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय तीव्र विष असतं. झोआ असलेला दगड उकळू नये, गरम पाणी ओतू नये, ब्रशनं जोरात घासू नये. वाफेतून ते विष अख्ख्या घराला बाधू शकतं. कापताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा, हाताला जखम असेल तर ते काम त्या दिवशी नाही. तोंडात धातूसारखी चव, धाप, स्नायू दुखणं असं काही झालं तर दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना विषाचं नाव सांगावं.

आता सडणारं लेदर. ते टाकीबाहेर काढून ताटात ठेवावं, कापताना निघणारा रस टाकीत जाता कामा नये. हातमोजे घालून धारदार नव्या ब्लेडनं चट्ट्याच्या पलीकडे निरोगी मांसात एक सेंटीमीटर आत जाऊन कापावं. एकाच ओढीत, करवतासारखं नव्हे. कापलेली कड पांढरट आणि एकसारखी दिसायला हवी. तपकिरी रेघ राहिली तर अजून थोडं. कुजलेला भाग कचऱ्यात, निरोगी भाग आयोडीनच्या पाण्यात दहा मिनिटं. त्याला खडकाच्या तुकड्यावर गोंदानं चिकटवायचा प्रयत्न करू नये, बुळबुळीतपणामुळे ते सुटतं. खडकाचे चुरे टाकलेल्या उथळ डब्यात ठेवून वरून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ताणावा आणि डबा कमी प्रवाहाच्या जागी ठेवावा. दहा-पंधरा दिवसांत ते आपणहून एखाद्या खड्याला धरतं. कापलं त्याच दिवशी टाकीत नवा कार्बन आणि पंधरा टक्के पाणी बदल.

जून लागण्याआधी आणखी एक तयारी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात पाणी उपसा केंद्रं बुडून शहराचे नळ बंद पडले, वीजही अनेक भागांत गेली. शंभर लिटर टाकीसाठी चाळीस लिटर डीआय पाणी झाकून साठवलेलं आणि एक पुडा मीठ कोरड्या जागी असावं. वीज गेली तर पहिली गरज प्रवाहाची आणि प्राणवायूची, मग तापमानाची, दिव्याची सगळ्यात शेवटी. दहा वॅटचा एक वेव्हमेकर घरच्या इन्व्हर्टरवर, बाकी काही लावलं नाही तर, दोन दिवस निघू शकतात. बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असावा. माशांना खायला घालू नये. मऊ कोरलं तीन-चार दिवस अंधार सोसतात, वीज आल्यावर मात्र दिवा निम्म्यावरच सुरू करावा.

आंबा घाट उतरला की रत्नागिरीचा समुद्र, मग मीठ विकत कशाला, असा विचार मनात येतो. पावसाळ्यात किनाऱ्यावरचं पाणी नद्यांच्या गढूळ पाण्यानं पातळ झालेलं असतं आणि बंदराजवळ तेलाचा तवंग असतो, म्हणून ते नको. किनाऱ्यावरचं कोरल किंवा दगड उचलून आणणं तर नकोच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली खडक घडवणारी सगळी टणक कोरलं, समुद्रपंखे, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ संरक्षित आहेत आणि मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. मऊ कोरल हवं असेल तर टाकीतच वाढवून कापलेला तुकडा एखाद्या छंदीकडून घ्यावा. तो समुद्रातून उपटलेल्यापेक्षा टाकीला सरावलेला असतो आणि जगतोही जास्त.

दुरुस्ती लागू पडली की आधी टोपीची कड सैल होते. मग मध्यावर सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतात, दुसऱ्या दिवशी ते तिळाएवढे होतात आणि भिंगातून पाहिलं तर प्रत्येकाला पिसासारख्या आठ स्पर्शिका मोजता येतात. सगळी टोपी एका दिवसात उघडत नाही, एक बाजू आधी, दुसरी नंतर. पॉलिप पूर्ण बाहेर आले तरी पुढचे दोन आठवडे दिव्याला, प्रवाहाला आणि त्या दगडाला हात लावू नये. रोज फक्त खुणेपर्यंत पाणी भरावं आणि वहीत आकडा लिहावा.